चाचांचा अर्धा आवाज

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे जे ॲडमिन सर आहेत, त्यांनी चाचांना फसवलं. चाचांचं बोलणं मधोमध कापलं, पहिला तुकडा जगाला ऐकवला आणि दुसरा दाबून ठेवला. आजपर्यंत याबद्दल सरांना चारचौघांत कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही.

मी विचारणार आहे. पण आधी चाचा कोण ते सांगायला हवं, कारण ती रील बघून ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी चाचांना कधी पाहिलेलंही नाही.

माझं तिसगावात भांड्यांचं दुकान आहे. दुकान व्हायच्या आधी मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरत होते, जुन्या कपड्यांवर भांडी देत होते. तेव्हा लोक बोहारीण म्हणायचे, आता शेठाणी म्हणतात. दोन्हीचं मला काही वाटत नाही. मला राग येतो तो कुणी वजनात मारलं की. माझ्या शेजारचा गाळा चाचांचा. आत कर्णे, वायरींची भेंडोळी, दोन जुने ॲम्प्लिफायर आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं माईकचं स्टँड. आसपासच्या लग्नांना, जत्रांना, उरुसाला चाचांचाच लाऊडस्पीकर असायचा. पुढं डीजे आले. चाचांनी डीजे घेतला नाही. "त्याच्यात मानसाचा आवाज न्हाई बसत," म्हणाले, आणि कर्णे पुसत बसले.

माणूस साधा वगैरे अजिबात नव्हता, हे आधीच सांगते. दाढीला मेंदी, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, कानात अत्तराचा फाया. आपल्या आवाजाचा त्यांना इतका गर्व की खोकला झाला तर दुकान बंद ठेवायचे, कुणी बसका आवाज ऐकू नये म्हणून. चाची म्हणायची, "दुनिया के बच्चों की सुनते, मेरी कब सुनते?" त्यावर चाचा टोपी सरळ करून म्हणायचे, "तुझ्या आवाजाला माईक लागत न्हाई ना, म्हनून मला वाटतं दुसऱ्या कुनाला बोलतीय."

बोलणं दोन तऱ्हेचं. माईक हातात नसला की आमच्यासारखंच, हाय-न्हाई-व्हय. माईक हातात आला की एकदम छापील. "सर्व भाविकांना नम्र विनंती आहे," असं म्हणताना त्यांचा खांदासुद्धा वेगळा व्हायचा.

जत्रेत मूल चुकलं की लोक ते चाचांच्या मंडपात आणून सोडायचे. गेली कित्येक वर्षं हीच रीत. मूल तिथं कर्ण्याखाली बसायचं आणि चाचा पुकारायचे. दुसरे पुकारणारे म्हणतात, अमुक वर्णनाचा मुलगा सापडला आहे, पालकांनी घेऊन जावा. चाचांचं उलट. ते आधी त्या मुलाशी बसून बोलायचे, तेही अहो-जाहो करून. "काय साहेब, कुठं गेली तुमची आई? अंगावर साडी कुठल्या रंगाची हाय तिच्या? हातात काय हाय?" मूल हुंदके देत सांगायचं. मग माईकवर फू फू करून चाचा पुकारायचे, "सर्व भाविकांना नम्र विनंती आहे. सोनू यांची आई हरवली आहे. आईच्या अंगावर हिरवी साडी असून हातात फुग्यांची काठी आहे. कुणास आढळल्यास त्यांनी आईला मंडपात आणून सोडावे. सोनू वाट पाहत आहेत."

अख्खी जत्रा हसायची. मी एकदा विचारलं, "चाचा, ही कसली थट्टा?"

"थट्टा न्हाई, बाई. पोराच्या बाजूनं बघा ना. ते तिथंच हुतं, पिपाणीच्या दुकानाफुडं. गेली कोन? आईच गेली."

आणि आई धापा टाकत आली की तिचा हात पहिला वर जायचा, मारायला. प्रत्येक आईचा. चाचा मधे पाण्याचा पेला धरायचे. "आधी पानी प्या. मग पोरगं घ्या." पाणी पिईपर्यंत हात खाली यायचा. कुणी म्हणालं, "मला नको पाणी," तर चाचा म्हणायचे, "मंडपाचा नेम हाय." असा काही नेम नव्हता. तो त्यांनीच केला होता.

सर नगरला क्लासेस चालवतात. पालकांचा ग्रुप त्यांनी काढला तेव्हा मला त्यात माझ्या पुतणीनं घातलं आणि चाचांना मी घातलं. ग्रुपात सगळ्या तऱ्हेचे लोक. नगर शहरातले नोकरदार, सुप्याच्या कारखान्यांतले कामगार, पाथर्डीकडच्या शेतकरी बाया, श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला गेलेल्या आणि पोरं गावाला आजीजवळ ठेवलेल्या आया. सुरुवातीला तिथं काय चालायचं? कुणी आई विचारायची, माझं मूल जेवत नाही. की लगेच दहा जण तुटून पडायचे. तुम्हीच लाडावलंय. आमच्या वेळी असं नव्हतं. आजकालच्या आयांना मोबाईलशिवाय घास भरवता येत नाही. एकीला तर असं झोडपलं की तिनं आपला मेसेज पुसून टाकला.

चाचा लिहीत नसत. बोलूनच पाठवायचे. त्या दिवशी त्यांचा पहिला आवाज ग्रुपात आला. आधी फू फू, मग मोबाईलवर बोटानं टकटक, मग:

"सर्व पालकांना नम्र विनंती आहे. ज्या ताईंनी मेसेज पुसला, त्यांनी तो परत टाकावा. त्यांना काळजी आहे म्हणून त्यांनी विचारलं. ज्यांना काळजी नसते ते विचारत नाहीत. आणि मुलाच्या हातात मोबाईल देऊ नये असं इथं ज्यांनी लिहिलं, त्यांनी लिहिताना आपलं मूल कुठं होतं आणि काय बघत होतं, तेही कळवावं. धन्यवाद."

मग एकानं लिहिलं, "माझं कार्टून बघत होतं." दुसरीनं लिहिलं, "माझंही." आणि त्या ताईनं मेसेज परत टाकला.

तेव्हापासून लोक चाचांना विचारायला लागले. त्यांची पद्धत विचित्र होती. पहिली गोष्ट, परवानगी घेतल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. "सांगू का, का नुस्तं ऐकू?" हा त्यांचा पहिला निरोप. अर्ध्याहून जास्त बाया म्हणायच्या, नुसतं ऐका. मग चाचा मोबाईल स्टुलावर ठेवायचे, समोर टोपी नीट करून बसायचे, पाहुणा आल्यासारखे, आणि बाईचा सगळा आवाज शेवटापर्यंत ऐकायचे. मधे गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानं थांबवायचे. शेवटी एकच शब्द पाठवायचे, "ऐकलं."

"एवढ्यासाठी एवढा वेळ?" मी चिडायचे. माझ्या दुकानात तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं झाली असती.

"तिला तेवढंच पायजे हुतं. जास्त दिलं असतं तर ते तिला घरी न्यावं लागलं असतं."

दुसरी गोष्ट, मुलाचं घरातलं नाव विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शाळेतलं नाव चालत नसे. "घरात काय म्हनता?" कुणी पिंट्या, कुणी छकुली, कुणी बंड्या. मग सगळं बोलणं त्या नावानं. त्यामुळं काय व्हायचं, आई ज्याची तक्रार करत असायची ते कार्टं हळूहळू परत तिची छकुली व्हायचं. हे माझं म्हणणं. चाचा म्हणायचे, "नाव न्हाई माहीत तर पुकारू कसं?"

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे. उत्तर द्यायच्या आधी चाचा समोरच्याचं म्हणणं पुन्हा बोलून दाखवायचे. जत्रेतली सवय. चिठ्ठी हातात आली की पुकारायच्या आधी ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, चूक नको म्हणून. तसंच ते ग्रुपातही करायचे. बाई जशी बोलली असेल तसं, तिच्याच शब्दांत, तिच्याच रागात. नवऱ्याला शिवी दिली असेल तर तीसुद्धा. मग म्हणायचे, "इथं चुकलं असंल तर मला थांबवा," आणि गप्प बसायचे. आवाज रेकॉर्ड होत असायचा आणि चाचा गप्प. समोरचीला बोलायला जागा म्हणून.

"अहो चाचा, हा फोन नव्हे. ती आत्ता कशी थांबवेल तुम्हाला?"

"तिनं ऐकताना मनात थांबवलं तरी पुरे."

ग्रुपातली तरणी पोरं हसायची. चाचांचा मेसेज आला की लिहायची, "गप्प बसण्याचा कार्यक्रम सुरू." चाचांना त्याचा राग नव्हता. उलट विचारायचे, "कुनाला लई लांब वाटत आसंल तर कमी करू का?"

उसाला गेलेल्या बायांना त्यांनी एक गोष्ट सांगितली होती ती मी विसरणार नाही. या बायांची एकच तक्रार असायची. पोरं फोनवर येत नाहीत, आली तर हं-हं करतात आणि पळतात. चाचा म्हणाले, "तुमी फोनवर काय बोलता? शाळंत गेल्तास का, जेवलास का, आजीला तरास दिला का. सगळे सवालच. पोलीस चौकीतून फोन आल्यावानी. तुमी सवाल इचारू नका. तुमी आज काय बघितलं ते सांगा. फडात ससा निघाला, बैलगाडीचं चाक रुतलं, शेजारच्या कोपीतल्या बाईची भाकर कुत्र्यानं नेली. पोरगं फोन सोडनार न्हाई." आठवडा झाला नाही तोच एका बाईचा आवाज आला, हसत हसत, "चाचा, आता पोरगंच फोन करतंय. म्हनतंय, आज कुत्र्यानं काय नेलं?"

सुप्याच्या कारखान्यातला एक बाप होता. पाळीवरून घरी आला की लहान पोरगी त्याला बघून रडायची. तो ग्रुपात चिडून बोलला, "मी काय राक्षस हाय का?" चाचांनी त्याचं वाक्य त्याच्याच सुरात परत म्हणून दाखवलं, थांबले, आणि म्हणाले, "तिला उचलू नका. तिच्या शेजारी बसा आन तिच्याच खेळन्यानं खेळा. पर तिच्यापेक्षा वाईट खेळा. मनोरा रचला तर पाडा. तिला तुमची कीव आली पायजे." त्या बापानं पुढं काय झालं ते कळवलं नाही. काही दिवसांनी नुसता एक फोटो टाकला. तो जमिनीवर पालथा झोपलेला आणि पोरगी त्याच्या पाठीवर ठोकळे रचतेय.

माझंही सांगते. माझी मुलगी दहावीत असताना माझ्याशी बोलायची बंद झाली. मी तिच्याशी भाव करायचे. इतके मार्क आण, मोबाईल देते. भांडी घास, जत्रेला नेते. ती उत्तरच देईना. मी चाचांकडं जाऊन आरडाओरडा केला. त्यांनी सगळं ऐकलं, मला माझेच शब्द परत ऐकवले, माझ्याच तोंडासारखं तोंड करून, मग थांबले. मी मान हलवली तेव्हा म्हणाले, "तुमीच मला सांगता ना, सौद्यात जो कमी बोलतो तो जिंकतो म्हनून? मग पोरगी गप हाय तर तिचं काय चुकलं? तुमच्याच दुकानात शिकली ती."

मला हसू आलं आणि रागही आला. "मग करू काय?"

"आठवडाभर तिला काही मागू नका. काही देऊ बी नका बदल्यात. नुस्तं घरात ऱ्हावा."

"आठवडा जास्त होतो. दोन दिवस."

"बघा! परत!" चाचा इतके हसले की चाची बाहेर आली बघायला.

मी आठवडा काढला. कसा काढला ते मलाच माहीत. मुलगी आता पुण्याला नर्सिंग शिकते आणि रोज फोन करते. जास्त काय सांगू?

तर अशी ती रीत. आता सरांनी काय केलं ते ऐका.

काही प्रश्न सगळ्यांसमोर विचारता येत नाहीत. असे प्रश्न बाया सरांना खाजगीत पाठवायच्या. सर बाईचं नाव, गाव, नंबर काढून, पोराचं घरातलं नाव तेवढं ठेवून, तो निरोप चाचांकडं पाठवायचे. चाचा बोलून उत्तर द्यायचे आणि सर ते त्या बाईकडं धाडायचे. ही सोय सरांनीच लावली होती आणि ती चांगली होती, मी नाही म्हणत नाही.

या हंगामात एका आईचा असा प्रश्न आला. पोरगं आजीजवळ ठेवून कामाला गेलेली आई. अशा आया आमच्या भागात घरोघरी आहेत, त्यामुळं एवढं लिहिलं तर चालेल, असं चाचांनी मला सांगितलंय. पोरानं काय केलं होतं ते मी लिहिणार नाही. त्याचं घरातलं नाव लिहिणार नाही. चाचांनी उत्तर दिलं तेव्हा भर दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी त्यांच्या गाळ्याच्या पायरीवर बसून कढईचे कान ठोकत होते. म्हणजे ठोकत होते ते थांबले, कारण चाचांनी हात वर केला. सगळं बोलणं मी माझ्या कानानं ऐकलंय.

आधी त्यांनी त्या आईचं म्हणणं बोलून दाखवलं. ती लांब होती, थकलेली होती, गावाहून कुणी काहीबाही सांगितलेलं होतं, आणि ती संतापात बोलली होती. आजीला असा निरोप देऊ का, असं तिनं विचारलं होतं. चाचा त्याच संतापात बोलले. "असल्या पोराला घरात घेऊ नका. बसू द्या उपाशी भाईर. उपाशी बसल्याबिगर ह्याला आईबाप कळनार न्हाईत." मग म्हणाले, चुकलं असंल तर मला थांबवा. आणि गप्प बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प बसले. मग हळू आवाजात त्यांनी तिला जे सांगितलं ते असं होतं: "ताई, तुमी लांब हाय. हात पोचत न्हाई म्हनून तुमी हे बोलताय. तुमी जवळ असता तर आत्तापतुर त्याला कुशीत घेतलं असतं. आज एकच काम करा. आजीला फोन करून सांगा, दार उघडं ठेव आन त्याला जेवाय वाढ. काय केलं, का केलं, आज कुनी इचारू नका. ते उद्या. तुमी सवता बोला उद्या. आज नुस्तं जेवन."

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल. सरांच्या पेजवर रील आली. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'असे सल्ले मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त करतात.' खाली चाचांचा आवाज. "असल्या पोराला घरात घेऊ नका. बसू द्या उपाशी भाईर." बस. तिथंच संपलं. कात्री घालायला जागा आयतीच होती, चाचांनी गप्प बसून करून ठेवलेली. त्यानंतर सर स्वतः पडद्यावर येऊन शास्त्रशुद्ध पालकत्व समजावत होते आणि त्यांच्या नव्या वर्गाला नाव नोंदवा म्हणत होते.

चाचांचा आवाज आमच्या भागात कुणाला ओळखू येणार नाही? लग्नालग्नात ऐकलेला. बाजारच्या दिवशी लोक दुकानासमोर थांबून म्हणायला लागले, "काय चाचा, आज किती पोरं उपाशी ठिवली?" ज्या बायांना त्यांनी तासतास ऐकलं होतं, त्यांच्यातल्या काहींनी ग्रुपात लिहिलं, म्हातारा वरून गोड होता. सरांनी ग्रुपच्या भल्यासाठी म्हणून चाचांना ग्रुपातून काढलं.

चाचांनी ती रील माझ्या मोबाईलवर ऐकली. टोपी नीट करून, डोळे मिटून. संपल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? "आवाज चांगला आलाय." आवाजाचा गर्व तिथंही सुटला नाही. मग डोळे उघडले. "बाकीचं कुठाय?"

"बाकीचं सरांनी कापलं."

"ह्याच्यातून न्हाई वो. त्या बाईला बाकीचं गेलं का?"

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. मी चाचांच्या अब्रूसाठी पेटले होते. ते त्या पोराच्या जेवणाकडं बघत होते.

मी म्हटलं, "चाचा, तुमच्या मोबाईलमध्ये सगळं बोलणं आहे. मी ते सगळीकडं टाकते. एका तासात सरांचं थोबाड काळं होईल."

"त्याच्यात पोराचं नाव हाय. त्यानं केलं ते हाय. त्याच्या गावातलं कुनीबी ओळखंल. आईनं काय म्हटलं ते बी कळंल."

"मग नाव तेवढं कापू."

"कापाकापीनंच हे झालंय ना, बाई? आता मी बी कापू?"

"तुमचं नाव गेलं त्याचं काय?"

"माझं नाव पुकारायला मी हाय. त्या पोराचं कोन पुकारनार?"

आवाज टाकायचा नाही, तर निदान सरांना तोंडावर विचारायचं.

म्हणून मी नगरला गेले. सरांच्या क्लासेसच्या ऑफिसात. सर आदरानं बोलले, चहा मागवला.

मी म्हटलं, "चहा नको. त्या बाईला उत्तर पाठवलं होतं का, तेवढं सांगा."

"ताई, ती रील मी काढून टाकलीय. गैरसमज झाला असेल तर विषय संपला."

"रील लोकांनी उतरवून घेतलीय, ती आता त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. मी रीलचं विचारत नाही. उत्तर पाठवलं का?"

"पाठवलं असेल."

"असेल म्हणजे?"

"अहो, इतके मेसेज येतात. सगळं लक्षात राहत नाही."

"मग मोबाईल उघडा आणि बघा. मी थांबते."

"तसं दाखवता येत नाही. प्रायव्हसी असते."

"चाचांचा आवाज कापून पेजवर टाकताना ती प्रायव्हसी कुठं चरायला गेली होती?"

सरांचा चेहरा बदलला. "तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

"शेजारीण."

"मग शेजारणीनं भांड्यांचं दुकान सांभाळावं. मुलांचं मानसशास्त्र वेगळा विषय आहे."

इथं माझा हात टेबलावर जरा जोरात पडला. चहाचा कप पडला, सरांच्या कागदांवर चहा सांडला, बाहेरच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एसटीत बसेपर्यंत सरांनी मलाही ग्रुपातून काढलेलं होतं.

परत आले तेव्हा चाचा गाळ्यात कर्णा पुसत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "त्यांनाबी कुनीतरी इचारायला पायजे, कशाची भीती वाटली म्हनून. ग्रुप त्यांचा आन लोक माझ्याकडं येत हुते. मानसाला लागतं ते."

"तुम्ही विचारा. मी नाही विचारणार."

"तुमी भांडला, त्यानं ते दार लावून बसले. आता बोलतील का?"

"मग लिहिते. पेपरात, मासिकात, कुठं छापतील तिथं."

या लिहिण्यावरही आमची घासाघीस झाली. मला सरांचं नाव टाकायचं होतं. चाचा नको म्हणाले. मला पोरानं काय केलं ते तरी टाकायचं होतं. नको. मला ग्रुपाचं नाव टाकायचं होतं. नको. शेवटी सौदा एवढ्यावर ठरला की ते शब्द चाचांचे नव्हते, ते दुसऱ्याचं बोलणं पुन्हा म्हणून दाखवत होते आणि त्यांचं उत्तर त्याच्या पुढं होतं, हे लिहायची मला मोकळीक. आयुष्यात इतका तोट्याचा सौदा मी दुसऱ्या कुणाशी केला नसता.

चाचांकडं आता कुणी विचारायला येत नाही. त्यांचा मोबाईल स्टुलावर असतो. ते माझ्याशी बोलतात, चाचीशी बोलतात, पण माईकवरचं ते छापील मराठी मी त्यांच्या तोंडून परत ऐकलेलं नाही. परवा एका लग्नवाल्यानं कर्णे मागितले. चाचांनी दिले. पुकारायला मात्र गेले नाहीत, खोकला झालाय म्हणाले. खोकला नव्हता.

हंगाम अजून चालू आहे. ती आई अजून उसाच्या फडात असेल, पोरगं अजून गावाला असेल. तिनं संतापात एक गोष्ट विचारली होती. तिला जर चाचांचं उत्तर गेलं नसेल आणि नुसती ती रीलच तिच्या मोबाईलवर पोचली असेल, तर तिनं काय ऐकलं? आपलेच शब्द, चाचांच्या आवाजात. म्हणजे तिला वाटलं असेल की चाचाही तेच म्हणतात. तिनं आजीला काय निरोप दिला असेल? मला माहीत नाही. चाचांना माहीत नाही. तिचा नंबर चाचांना कधी मिळालाच नाही, तो फक्त सरांकडं आहे.

सर, तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, पण हे वाचताना तुम्हाला कळलं असेल. माफी मागा असं मी म्हणत नाही, ती तुम्ही छान शब्दांत मागाल आणि त्याचीही रील कराल. मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात आणि यात भाव कमी होणार नाही. ज्या ग्रुपात चाचांना तुम्ही बदनाम केलंत, त्याच ग्रुपात, लिहून नव्हे, स्वतःच्या तोंडानं सांगा की ते बोलणं मी कापलं. आणि त्याच्याही आधी, आज, आत्ता, मोबाईल उघडा आणि बघा. चाचांचं उत्तर त्या आईला पाठवलं होतं का? पाठवलं नसेल तर तिला फोन लावा, आणि ते पोरगं घरात आहे का, जेवलंय का, ते विचारून आम्हाला कळवा. आम्ही दोघं दुकानात बसून आहोत. सांगा, पाठवलं होतं का?